हिमानी नावाचा लव्हाळा

९ ऑगस्ट २०२४

हिमानी! नाव ठेवलं हिमानी!

सकाळी विभागात पाय ठेवला तर टेबलावर पेढ्यांचा डबा. आमच्या लॅबचे पंजाबराव दात काढून उभे. "घ्या मॅडम, शंतनु सरची नवीन जात छापून आली. लव्हाळ्याची. मॅडमचंच नाव देऊन टाकलं तिले." आणि क्षणभर — लिहायलाही लाज वाटते — मला वाटलं, माझं. पेढा तोंडात टाकला. मग छापलेलं पान पाहिलं. सायपेरस हिमानिए. थुंकणार कुठे? गिळला.

लग्न झालं त्या वर्षी याच माणसाने सांगितलं होतं, पहिली नवीन जात सापडली की तिला तुझं नाव, प्रतिमा. मग बारा वर्षं मी त्याच्याबरोबर ओढ्यानाल्यांत गुडघाभर चिखलात उभी. त्याने उपटायचं, मी कागदात दाबायचं, वाळवायचं, चिठ्ठी लावायची. नवीन काही सापडलं नाही. मग साहेबांची कंबर दुखायला लागली. फिजिओथेरपीला गेले आणि तिथल्या या हिमानीबाईशीच लग्न करून मोकळे झाले. घटस्फोटाला चार वर्षं झाली. नोकरी मात्र दोघांची एकाच विभागात, दोन टेबलांच्या मध्ये एक कपाट.

आणि ही जात सापडली कुठे? जळगाव जामोदच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या ओल्या खडकावर. माझ्या मामाच्या गावचा खडक तो. मीच नेलं होतं त्याला तिथे.

बघतेच आता.

१० ऑगस्ट

पेपर पुन्हा पुन्हा वाचला. लिहिलाय चांगला, तेवढं मान्य. एका पावसाळ्याचं रोप, बोटाएवढं. दांडा त्रिकोणी आणि भरीव. पानाचा खालचा भाग दांड्याभोवती नळीसारखा, कुठे शिवण नाही. टोकाला कणिशकांचा, म्हणजे इवल्या कणसांचा झुबका. प्रत्येक कणिशकात तुसं दोन रांगांत, वेणी घातल्यासारखी. तुसाचं टोक बाहेर वळलेलं. कुक्षी दोन. फळ दोन्ही बाजूंनी चपटं, कड आतल्या दांडीकडे.

अहो, हे सगळं सायपेरस प्युमिलसचं वर्णन आहे! देऊळघाटच्या कुठल्याही शेताच्या ओल्या धुऱ्यावर बसा आणि मूठभर उपटून आणा. अडीचशे वर्षांपेक्षा जास्त झाली त्या जातीला नाव मिळून. आणि आमच्या शास्त्रात जुनं नाव सापडलं की नवं रद्द. तारीख नाही, वकील नाही, अपील नाही.

त्याने फरक दाखवलाय तो एकच. प्युमिलसच्या फळावर सूक्ष्मदर्शकातून बारीक ठिपके दिसतात. याच्या फळावर म्हणे आडव्या लाटा आहेत. फोटोही छापलाय. माझं स्पष्ट मत, फोटो दुसऱ्याच कुठल्यातरी रोपाच्या फळाचा. शंतनुची पाकिटं कायम एकमेकांत मिसळायची. मी होते तोवर मी निवडून ठेवत होते. आता कोण निवडणार, ती?

नाव खोडून टाकणार मी. पुराव्यानिशी.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन झाल्यावर प्राचार्यांनी त्याचा सत्कार केला. शाल, श्रीफळ. ती पहिल्या रांगेत, मोरपंखी साडी. प्राचार्य म्हणाले, आपल्या बुलडाण्याचं नाव जगात गेलं. बुलडाण्याचं कसलं, तिचं गेलं!

चहाच्या वेळी माझ्यापाशी आली. मी सटकणार होते, पण हातात बशी होती. म्हणाली, "ताई, तो खडक तुम्हीच दाखवला होता ना यांना? हे सांगत होते." मी म्हटलं, हो. म्हणाली, "किती नाजूक गवत आहे नाही?"

गवत! जिच्या नावाने लव्हाळा आहे तिला गवत आणि लव्हाळा यातला फरक माहीत नाही. गवताचा दांडा गोल, आतून पोकळ, गाठी गाठींचा. लव्हाळ्याला या तिन्हीतलं एकही नाही. कूळच वेगळं. बशी ठेवली आणि निघाले.

२० ऑगस्ट

दुसऱ्या वर्षाला आज लव्हाळ्यांचं सायपेरेसी कुळ शिकवलं. नेमकं आजच यायचं होतं. मुलांना दांडा चिमटीत फिरवून बघायला लावला. तीन कडा बोटाला लागल्या की सगळी खूश होतात, दरवर्षी. नीळकंठ सर आम्हाला असंच शिकवायचे अमरावतीला. मी आणि शंतनु, दोघंही त्यांचेच विद्यार्थी. सरांचा एक दंडक होता — लव्हाळ्याचं पिकलेलं फळ पाहिल्याशिवाय नाव घ्यायचं नाही. कोणी घाई केली की वर्गाबाहेर.

कपाटाच्या पलीकडून त्याला माझा तास ऐकू येत होता. मी मुद्दाम मोठ्याने सांगितलं की या कुळात हौशी लोक नवीन जाती फार काढतात आणि नंतर त्या निघतात जुन्याच. पलीकडे खुर्ची वाजली. बरं वाटलं.

२५ ऑगस्ट

टिपण लिहायला घेतलं. दोन पानांचं पुरे. शीर्षक साधं, भाषा थंड. राग कुठेच दिसता कामा नये. शेवटी एक ओळ — हिमानिए हे नाव प्युमिलसमध्ये विलीन करण्यात येत आहे. ती ओळच मी आधी लिहिली. मग चहा केला आणि चहा पिताना पुन्हा वाचली.

कधीच कोणाचं वाईट चिंतलं नाही असं आई माझ्याबद्दल सांगायची. नशीब, आता ती नाही.

२ सप्टेंबर

पोळा. गल्लीत मातीचे बैल घेऊन पोरं आली. त्यांना पैसे दिले आणि पुन्हा टिपणाला बसले. प्युमिलसचं वर्णन पूर्ण. आता खडकावरचा ताजा नमुना हवा.

८ सप्टेंबर

माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर शंतनुचा मेसेज — "येत्या रविवारी आदरणीय नीळकंठ सर सायपेरस हिमानिए तिच्या जागेवर पाहायला येत आहेत." खाली अभिनंदनाची रांग, फुलं, हात जोडलेले. मीही एक अंगठा टाकला. काय करणार.

ऐंशीच्या पुढचे सर, काठी टेकत, माझ्या मामाच्या खडकावर जाणार आणि त्या रोपापुढे वाकणार. मला पीएच.डी.च्या वेळी काय म्हणाले होते? "तू नीट काम करतेस, पण नजर शंतनुची." इतकी वर्षं मी मनात ठेवलंय ते.

नमुना आणायला मी शनिवारी जाणार. रविवारच्या आधी.

१४ सप्टेंबर

केलं.

सकाळची बस, मोताळा, नांदुरा, जळगाव जामोद. तिथून ऑटोने गाव, पुढे पायी. मामा गेल्यापासून घर बंद आहे, तिकडे पाहिलंच नाही. खडक होता तसाच. वरून झरा पाझरतो, खाली शेवाळ, आणि दोन खाटा मावतील एवढ्या जागेत ती रोपं. बोटाएवढी, हिरवी, तुसांची टोकं बाहेर वळलेली. वाकून भिंगातून पाहिलं. प्युमिलस. फळं अजून कच्चीच होती, पण मला काही शंका राहिली नाही.

दहा-बारा रोपं उपटली, कागदात ठेवली. एवढीच हवी होती. मग उभी राहिले आणि मला उद्याचं सगळं दिसलं. तो सरांना हात धरून आणणार. ती कॅनव्हासचे बूट घालून मागे. सर म्हणणार, वा शंतनु. फोटो निघणार. आणि मी पुन्हा खाली बसले.

सगळी उपटली. एकेक. मग मुठीने. माती होती कुठे, पोळीएवढा थर, मुळांबरोबर तोही सालपटासारखा निघाला. खाली काळा खडक. हात हिरवे झाले, नखं दुखली. थांबावंसं वाटलं नाही. खोटं कशाला लिहू, फार वर्षांनी मला एवढं मोकळं वाटलं.

वरच्या अंगाला बकऱ्या घेऊन एक म्हातारी उभी होती. कलाबाई. लहानपणी मामाकडे शेण्या आणून द्यायची. तिने मला ओळखलं नाही.

"काय करून राह्यली वो बाई?"

"नमुने घेते."

"एवढे? आमच्या बकऱ्याबी नाही खात ते. काऊन सारंच उपटून राह्यली?"

"कॉलेजला लागतात."

"हाव? मंग थोडं तरी ठेवा लागते ना बाई," म्हणाली आणि बकऱ्यांमागे गेली.

कागदातली ठेवून बाकीची बसस्टँडमागच्या उकिरड्यावर टाकली. प्युमिलस आहे, कुठेही उगवतं. दाखव म्हणावं आता सरांना काय दाखवतोस ते.

१५ सप्टेंबर

सकाळपासून फोन हातात. ग्रुपवर एक फोटो नाही. एकही नाही! आज जेवण गोड लागलं.

१६ सप्टेंबर

पंजाबराव सामान घेऊन त्यांच्याबरोबर गेले होते. विचारायचीही गरज पडली नाही.

"काय सांगू मॅडम, तिथं काहीच नाही. खडक पार साफ. शंतनु सर इकडे पाह्यते, तिकडे पाह्यते, आन् मंग खालीच बसले. मोठे सर म्हणे, अरे, पावसानं वाहून गेलं असंन."

मी म्हटलं, अरेरे.

"आन् त्या हिमानी मॅडम! साडीचा काष्टा मारला न् गुडघ्यावर बसल्या. साऱ्या भेगा बोटानं चाळल्या त्यायनं. हाताले रक्त निंगालं. सर म्हणे उठ, तर उठेच ना."

हे मला ऐकायचं नव्हतं. तिने कशाला शोधायचं? तिला गवत कळत नाही. पंजाबरावांना म्हटलं, जा, स्लाइड धुऊन ठेवा.

१७ सप्टेंबर

दुपारी विभागात कोणी नव्हतं. कपाटाच्या पलीकडून आवाज आला.

"प्रतिमा, शनिवारी तू गेली होतीस?"

"कुठे?"

मग म्हणाला, "एक म्हातारी भेटली तिथे. जाऊ दे."

मला वाटलं आता ओरडेल. ओरडावं असंच वाटत होतं मला. मग मीही बोलले असते, बारा वर्षांचं सगळं. तो उठून कपाटाच्या या बाजूला आला. केस किती पांढरे झालेत त्याचे. म्हणाला, "पिकलं नव्हतं गं अजून. बी पडायचं होतं."

"प्युमिलसला काय धाड भरली आहे," मी म्हटलं. "चार धुऱ्यांवर उगवेल."

"तू फळ पाहिलंस?"

मी हजेरीपट ओढून घेतला. तो पिशवी घेऊन निघून गेला, तास टाकून. चार वर्षांत पहिल्यांदा मला 'गं' म्हणाला. राग त्याचाच जास्त आला.

२१ सप्टेंबर

आज शनिवार, विभाग रिकामा. टिपणासाठी फळाचं चित्र काढायचं म्हणून कागदातली रोपं सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. सगळी कच्ची. पाण्याने भरलेली, पांढरी. एक मात्र खडकाच्या भेगेतलं होतं. खुरटं, लवकर पिकलेलं. तुसं उघडली तर आत तपकिरी फळं. टाचणीच्या टोकावर मावतील एवढी.

आडव्या लाटा आहेत.

दुसरं फळ पाहिलं. लाटा. भिंग पुसलं, दिवा बदलला, तिसरं पाहिलं. एकाही फळावर ठिपके नाहीत. देऊळघाटचा प्युमिलस शेजारी ठेवला, तो ठिपक्यांचा. दोन वेगळ्या जाती, शेंबड्या पोरालाही दिसेल.

फोटो मिसळला नव्हता. पाकीट मिसळलं नव्हतं. हा लव्हाळा नवीनच होता.

पिकलेलं फळ पाहिल्याशिवाय नाव घ्यायचं नाही. वर्गात मीच सांगते. आणि मी कच्चं पाहून नाव घेतलं, कारण मला तेच नाव हवं होतं. पेपरात त्याने स्पष्ट लिहिलंय — याच एका जागी, फार थोडी रोपं. ते वाचून मी हसले होते.

२९ सप्टेंबर

खडकावर जाऊन आले. खाली काळा दगड. उकिरड्यावरही गेले. तिथे डुकरं फिरत होती.

२० ऑक्टोबर

प्रत्येक रविवारी जाते. त्या ओळीतले सगळे ओले खडक झाले, खालचा ओढा झाला, पलीकडच्या पाड्यापर्यंत गेले. प्युमिलस हवा तेवढा. तो नाही. कलाबाई पुन्हा भेटली. म्हणाली, "काय हरपलं वो बाई तुमचं?" मी म्हटलं, काही नाही, पाहते सहज. म्हणाली, "सहज कोनी एवढ्या उन्हात पाह्यते का?"

१२ नोव्हेंबर

टिपण फाडलं. तिचं नाव आता कोणी खोडू शकत नाही. वाळवलेला मूळ नमुना पुण्याला वनस्पतिसंग्रहाच्या कपाटात आहे, पेपर छापलेला आहे, तेवढ्यावर नाव कायमचं टिकतं. रोप जिवंत असो नसो. मी नाव मारायला निघाले होते. रोप मेलं, नाव राहिलं.

शंतनुने मला पुन्हा काही विचारलेलं नाही. कोणाला सांगितलेलंही नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मला त्याला अजून शिव्या देता आल्या असत्या.

८ जून २०२५

भेगेतल्या रोपाची फळं मी जपून ठेवली होती. चित्रासाठी म्हणून. आज श्रीखंडाच्या डब्यात खडकाची माती घातली — तीही तिथूनच आणली, रुमालात बांधून — आणि वर पेरली. झाकायची नाहीत, या बियांना उजेड लागतो. खाली ताटात पाणी. गॅलरीत ठेवला डबा.

उगवेल असं वाटत नाही.

६ जुलै

काहीतरी हिरवं आहे. केसाएवढं. एकच.

गवतही असू शकतं. मातीत गवताचं बी असतंच. पहिल्या दोन पानांवर कळत नाही. गवताची पानं दोनच रांगांत येतात, एक इकडे, एक तिकडे, आणि तिसरं पुन्हा पहिल्याच्या डोक्यावर. लव्हाळ्याची तीन रांगांत. म्हणजे तिसरं पान कुठल्या बाजूला येतं ते पाहायचं.

१३ जुलै

दोन पानं. एक इकडे, एक तिकडे.

सकाळी बराच वेळ डब्यापुढे बसले. समजा तेच असलं, तर नाव हिमानीच राहणार. मी कितीही पाणी घातलं तरी माझं होणार नाही. शंतनु पुन्हा सरांना घेऊन येईल, ती पुन्हा मोरपंखी साडी नेसेल. आणि आज मी नुसतं नखाने खुडलं, तर कोणाला कळणारही नाही. जे गेल्या वर्षी अर्धवट राहिलं ते पुरं होईल. नख टेकवलं होतं मी खोडाला. खोटं कशाला लिहू.

मग पाणी घालून भाजी आणायला गेले.

२० जुलै

तिसरं पान आलं. तिसऱ्या बाजूला.

नागपूरला भाचीच्या साखरपुड्याला येत नाही म्हणून कळवलं. हिला पाणी कोण घालणार.